परत न आलेल्यांची यादी

मधुमेहाचा रुग्ण उपचारातून सुटतो तो बहुधा बरं वाटायला लागल्यावर. सुरुवातीला घशाला कोरड पडते, रात्री चार-चारदा उठावं लागतं, अंगातलं बळ गेल्यासारखं होतं. मग तो आरोग्य केंद्रात जातो, बोटाला सुई टोचून घेतो, घरी येऊन 'शुगर निघाली' म्हणून सांगतो आणि गोळ्या सुरू करतो. महिन्या-दीड महिन्यात तहान कमी होते, झोप लागते. तेवढ्यात सोयाबीनची सवंगणी येते, तिच्या पाठोपाठ कापसाची वेचणी. गोळ्यांचं पाकीट संपलेलं असतं, पण दुखत तर काहीच नसतं. दिवाळी झाली की जाऊ, असं ठरतं. दिवाळी होते, होळीही होते, जाणं होत नाही. आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये याची कुठेच नोंद होत नाही, कारण रजिस्टरमध्ये आलेल्याचं नाव लिहितात, न आलेल्यासाठी त्यात रकाना नसतो. दोन-तीन वर्षांनी तोच माणूस पायाची चिघळलेली जखम घेऊन सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात येतो, तेव्हा घडीच्या कार्डावरची शेवटची तारीख बघून सगळ्यांना कळतं की तो मधल्या काळात कुठेच नव्हता.

हे पुस्तक मोबाइल आणि मधुमेह या विषयावर आहे. वर्धा जिल्ह्यातले रुग्ण, त्यांच्या घरची माणसं, आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं गेलं आहे. पुढच्या प्रकरणांत ॲप कसं वापरावं, ग्लुकोमीटरचा आकडा कसा वाचावा, दूरध्वनीवरून डॉक्टरांचा सल्ला कसा घ्यावा, हे सगळं येईल. त्याआधी माझं एक ठाम मत मांडतो. मधुमेहात मोबाइलचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे जो आला नाही त्याचं नाव वेळेवर कळणं आणि त्याला फोन जाणं. पावलं मोजणारं घड्याळ, जेवणाचे उष्मांक मोजणारं ॲप, दंडावर चिकटवायचा सेन्सर या गोष्टी त्यानंतर येतात. आपल्या जिल्ह्यात तर बऱ्याच नंतर.

वर्ध्याला ही गोष्ट वेगळ्या एका आजाराने पूर्वीच शिकवली आहे. १९३६ साली मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. पुढे सेवाग्रामात परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली, त्यांची कुटी आजही आश्रमात आहे. पण मला इथे आठवण करून द्यायची आहे ती त्यानंतरच्या, तितक्या प्रसिद्ध नसलेल्या कामाची. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालं. डॉ. वर्देकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोगासाठी एक पद्धत बसवली : घरोघर सर्वेक्षण, लोकशिक्षण आणि घराजवळ उपचार. रुग्णाला गावाबाहेर नेऊन ठेवायचं नाही, कार्यकर्त्याने त्याच्या दारी जायचं. सायकल, नावांची वही आणि डॅप्सोनच्या गोळ्या एवढ्यावर हे काम चालत असे. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. पुढे १९८१-८२ च्या सुमारास बहुऔषध उपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाले, त्यांतही वर्धा होता.

कुष्ठरोग संसर्गाचा आणि मधुमेह संसर्गाचा नाही, हा फरक मोठाच आहे. तरी रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही आजारांत विलक्षण साम्य दिसतं. दोन्ही वर्षानुवर्षं चालतात. दोन्हींत सुरुवातीला दुखत नाही, आणि न दुखणं हाच खरा धोका असतो. दोन्हींत पायाची संवेदना जाते, काटा रुतलेला कळत नाही, चप्पल निसटलेली कळत नाही, जखम होते आणि ती वाढत राहते. कुष्ठरोगाच्या कार्यकर्त्यांनी इथल्या लोकांना रोज रात्री तळपाय तपासायला आणि मऊ रबराची चप्पल घालायला शिकवलं. आज मधुमेहतज्ज्ञ नेमकं तेच सांगतात. आणि दोन्हींत उपचार मध्येच सोडणाऱ्याला शोधून काढणं हा कामाचा गाभा. सायकलवरच्या कार्यकर्त्याच्या वहीत प्रत्येक गावाचं पान असे. कुणाच्या नावापुढे खूण नाही हे पाहून त्याला कुणाच्या घरी जायचं ते कळत असे. रुग्ण थोडे होते तोवर वहीने भागलं.

मधुमेहात रुग्ण थोडे नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा पहिला टप्पा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात महाराष्ट्राचा समावेश होता. राज्याच्या शहरी भागात १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो आहे हे पाहणीच्या दिवशीच कळलं. याच पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ मध्ये आले : १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १३ लाख होती. राज्याचे जुने, कमी असलेले दर धरून साधा गुणाकार केला तरी जिल्ह्यात पन्नास हजारांच्या वर मधुमेही निघतात. आर्वी-आष्टीच्या डोंगराळ भागापासून हिंगणघाट-समुद्रपूरच्या काळ्या जमिनीपर्यंत विखुरलेली ही माणसं दर महिन्याला गोळ्या घेतात की नाही, हे वहीतून कळणं शक्य नाही.

सरकारी पातळीवर याची सुरुवात इथे तुलनेने लवकर झाली. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत घेतलेल्या जिल्ह्यांत वाशीमबरोबर वर्धा होता. २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक वेगळा उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. हा उपक्रम रक्तदाबाचा असला तरी आपल्या विषयाला तो फार जवळचा आहे. आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगर एकाच टेबलावर तपासतात, अनेकांना दोन्ही असतात, आणि दोन्हींचा प्रश्न तोच : आलेला माणूस पुढच्या महिन्यात येईल का?

या उपक्रमाबरोबर 'सिम्पल' नावाचं ॲप महाराष्ट्रातही वापरात आलं. ते रुग्णासाठी नसून सिस्टरसाठी आहे. रुग्णाच्या कार्डावर एक चौकोनी कोड असतो. सिस्टर तो फोनने टिपते, आजचा आकडा आणि दिलेली गोळी नोंदवते. सगळं मिळून काही सेकंदांचं काम. ॲप पुढची तारीख स्वतःच लावतं. ती तारीख उलटली आणि रुग्ण आला नाही, तर त्याचं नाव एका वेगळ्या यादीत जातं. त्या यादीतल्या नावावर बोट ठेवलं की थेट फोन लागतो. पुढे याच ॲपमध्ये मधुमेहाच्या नोंदींचीही सोय झाली. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, पण मला पुरस्कारापेक्षा ती यादी महत्त्वाची वाटते. रजिस्टरमध्ये ज्यासाठी रकानाच नव्हता, तो रकाना तिथे आहे.

आता पुरावा काय सांगतो ते पाहू, कारण या क्षेत्रात जाहिराती फार आहेत. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सगळ्यांत जास्त उद्धृत होतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला आहार आणि व्यायामाबद्दल मोबाइलवर नियमित संदेश गेले, दुसऱ्याला सुरुवातीलाच एकदा सल्ला मिळाला. दोन वर्षांनी संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. साध्या लघुसंदेशाने एवढा फरक पडावा, ही लहान गोष्ट नाही. पण ते कोण होते हे विसरू नये. बांधलेला पगार, ठरलेल्या वेळी जेवण, स्वतःच्या खिशात स्वतःचा फोन आणि मेसेज वाचण्याची सवय असलेले पुरुष होते ते. देवळीजवळच्या एखाद्या शेतात रोजाने निंदणाला जाणाऱ्या बाईला हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही.

दुसरा अभ्यास हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० ग्रामीण रुग्णालयांतला, २०१९ मध्ये आलेला. तिथे परिचारिकेच्या हाती टॅबलेट दिला. रुग्णाचे आकडे भरले की कोणतं औषध, किती, पुढे कधी, याचा सल्ला त्यावर येई. रुग्णाला आठवणीचे संदेशही जात. तुलनेसाठीच्या रुग्णालयांत टॅबलेट नव्हता, पण तिथल्याही कर्मचाऱ्यांना उपचाराचं प्रशिक्षण मिळालं होतं आणि भिंतीवर मार्गदर्शक तक्ते होते. वर्षाअखेर दोन्हीकडच्या रुग्णांत सुधारणा दिसली. दोन गटांत मात्र फरक आढळला नाही. काहींनी यावरून तंत्रज्ञान निरुपयोगी ठरवलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. शिकवलेली, रुग्णासाठी वेळ असलेली परिचारिका असेल तर साध्या तक्त्यानेही काम होतं, आणि ती नसेल तर टॅबलेट ठेवायचा कुणाच्या हातात? जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी डिजिटल साधनांबद्दल पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा सूरही हाच आहे : ही साधनं आरोग्यव्यवस्थेला जोड देण्यासाठी आहेत, तिची जागा घेण्यासाठी नाहीत.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने मिस्ड कॉल दिल्यावर मधुमेहाचे संदेश पाठवणारी सेवा सुरू केली होती. त्याआधी २०१२ पासून एका स्वयंसेवी संस्थेने मोबाइल कंपनीच्या मदतीने बारा भाषांत असेच संदेश दहा लाख लोकांपर्यंत नेले. भाज्या-फळं खाण्यासारख्या सवयींत त्याने काहीशी सुधारणा झाल्याचं दिसलं. जागृतीसाठी हे चांगलं आहे. पण सर्वांना एकच संदेश गेला की तो कुणालाच उद्देशून नसतो, आणि सेलूच्या बाजारात बसलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

म्हणून आपल्या जिल्ह्यापुरतं काय वेगळं आहे, ते जरा विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट शरीराची. बहुतेक ॲप वजन आणि उंची विचारतात आणि त्यावरून धोका सांगतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि बाळांचा जो अभ्यास चालवला, त्याने या हिशेबालाच धक्का दिला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपली किडकिडीत दिसणारी बाळं चरबीच्या बाबतीत मागे नव्हती, कमी होतं ते स्नायूंचं वजन. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे ॲपने हिरवा रंग दाखवला तरी आपल्या हडकुळ्या माणसाने निर्धास्त होऊ नये. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात म्हणूनच कमरेचा घेर विचारला आहे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला की गुण वाढतात. घरात शिवणकामाची टेप असतेच. कोणत्याही ॲपच्या आधी ती वापरावी.

दुसरी गोष्ट रक्ताची. विदर्भात सिकलसेल आहे आणि बायकांत रक्तक्षय सर्रास आहे. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलमध्ये पेशी लवकर मोडतात, त्यामुळे आकडा खरा असतो त्याहून कमी दिसू शकतो. लोहाच्या कमतरतेत उलट होतं, आकडा जास्त दिसू शकतो. ॲपला हे माहीत नसतं, ते ६.८ ला शाबासकी देऊन मोकळं होतं. तेव्हा सिकलसेलची तपासणी झाली असेल तर तिचं कार्ड शुगरच्या कार्डाबरोबरच ठेवावं आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवावीत.

जेवणाबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. परदेशी किंवा महानगरी ॲपमध्ये ओट्स सापडतात, एवोकॅडो सापडतो, चून-भाकर सापडत नाही. अंबाडीची भाजी, भरीत, पोळा-दिवाळीची पुरणपोळी, रोडग्यांची पंगत आणि वर्ध्याची ओळख असलेला गोरसपाक यांचा हिशेब त्यात कुठून लागणार? ज्वारीची आठवण इथे मुद्दाम काढतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकाराने गावागावांत आरोग्य विमा सुरू केला, तेव्हा वर्गणी ज्वारीच्या रूपाने गोळा होई, कारण ज्वारी प्रत्येक घरी होती. मधल्या काळात शेतात सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला आणि ताटातली भाकर मागे सरली. मजुराला 'भात सोडा' म्हणून मेसेज पाठवणं सोपं आहे. रेशनमध्ये मिळतो तोच तांदूळ असेल तर त्याने काय करायचं, याचं उत्तर त्या मेसेजमध्ये नसतं. या पुस्तकात आहाराचं प्रकरण इथल्या ताटावरून लिहिलं आहे. भात पूर्ण सोडण्याऐवजी तो कमी करून तुरीचं वरण आणि पालेभाजी कशी वाढवावी, इतक्या साध्या पायरीवरून ते सुरू होतं. तेच बरोबर आहे.

साखर अचानक खाली जाण्याचा धोका मला सगळ्यांत जास्त काळजीचा वाटतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड जातीची गोळी घेऊन, न जेवता, भर उन्हात डवरणीला गेलेला माणूस घामाघूम होतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. लोकांना वाटतं ऊन लागलं. एकादशी, श्रावणातले सोमवार, नवरात्र या दिवसांतही हेच होतं. इथे मोबाइलचा खरा उपयोग करता येईल. संदेश पाठवणाऱ्याने पंचांग आणि पीक समोर ठेवावं. उपासाच्या आदल्या संध्याकाळी, वेचणीच्या हंगामाच्या तोंडावर एक आवाजी संदेश जावा : गोळी घेतली तर उपाशी राहू नका, उपास असेल तर गोळीचं सिस्टरला विचारून घ्या, पदराला किंवा खिशात साखरेची पुडी बांधा, थरथर सुटली तर तीन-चार चमचे साखर लगेच खा आणि पाव तासाने बरं वाटलं नाही तर पुन्हा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

इन्सुलिन घेणाऱ्यांचं उन्हाळ्यात आणखी एक संकट असतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. दोन मातीची मडकी, एकात एक, मधे ओली रेती, आत कुपी : फ्रिज नसलेल्या घरात हा उपाय चालतो. इन्सुलिनची वेळ झाल्याची घंटी वाजवणाऱ्या ॲपने रेती ओली केली का, हेही विचारावं.

आणि फोन कुणाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असा मोबाइल असल्याचं सांगितलं. म्हणजे जवळपास निम्म्या बायकांचा नोंदवलेला नंबर नवऱ्याचा, मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. मुलगा पुण्याला कंपनीत लागला की फोनही त्याच्याबरोबर पुण्याला जातो. आईची आठवण त्याला तिथे वाजते. रिचार्ज संपलं की नंबर बंद, आणि नवं सिम घेतल्याचं आरोग्य केंद्राला कुणी कळवत नाही. यावर उपाय अवघड नाही. कार्डावर दोन नंबर लिहून घ्यावेत, फोन कुणाजवळ आणि किती वाजता असतो तेही लिहावं. सकाळी अकराला शेतात असलेल्या बाईला संध्याकाळी सातला फोन करावा. लिहिलेल्या मेसेजपेक्षा बोललेला बरा, आणि यंत्राच्या आवाजापेक्षा ओळखीच्या सिस्टरचा. 'काकाजी, या महिन्यात गोळ्या घ्यायला आले नाही तुम्ही, तब्येत बरी हाय ना?' एवढं एक वाक्य पुरतं. त्यात रागावणं नको. जो दोन महिने आला नाही तो बहुधा रागावतील या भीतीनेच तिसऱ्या महिन्यातही येत नाही.

फोन दुसऱ्याचा असला की गुपितही दुसऱ्याचं होतं. टाइप वन मधुमेह असलेल्या तरुण मुलीचं नाव आणि आजार सांगणारा मेसेज भलत्या माणसाने वाचला तर तिच्या सोयरिकीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. हे व्हायला नको, पण होतं. संदेशात आजाराचं नाव असू नये, 'तुमची तारीख उद्या आहे' एवढंच असावं. आरोग्य खातं रुग्णाच्या नोंदी जोडणारा चौदा अंकी आभा क्रमांक काढून देतं, खासगी ॲप तर नोंदणी करतानाच फोनमधल्या सगळ्या नंबरांची परवानगी मागतात. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक डिजिटल विदेचं संरक्षण करणारा कायदा झाला. आपली माहिती कशासाठी घेतली जाते हे विचारण्याचा आणि नको असेल तर नाही म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहे. हे सांगण्याची जबाबदारी फॉर्म भरून घेणाऱ्यांची आहे.

डोळे आणि पाय यांच्या बाबतीत कॅमेऱ्याने मोठी आशा निर्माण केली आहे. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडतं तेव्हा सुरुवातीला दिसण्यात काहीच फरक पडत नाही. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी आरोग्यसेवकांच्या हाती स्मार्टफोनवर चालणारा दृष्टिपटलाचा कॅमेरा दिला. फोनमधल्याच कृत्रिम बुद्धिमत्तेने, इंटरनेटशिवाय, चित्रं तपासली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१३ मधुमेहींपैकी तज्ज्ञांकडे पाठवण्याजोगा एकही रुग्ण यंत्राच्या नजरेतून सुटला नाही. निरोगी असूनही शंका घेतली गेली असे काही होते. संख्या लहान आहे हे खरं. पण नेटवर्क नसलेल्या कारंजा तालुक्यातल्या उपकेंद्रात इंटरनेटशिवाय डोळे तपासता येणं म्हणजे काय, हे वर्ध्याला बसने दिवस मोडून येणाऱ्या माणसाला विचारावं. पायासाठी तर वेगळं यंत्रही नको. वाकता न येणाऱ्या आजीच्या तळपायाचा फोटो नातवाने आठवड्यातून एकदा काढावा आणि मागच्या आठवड्याच्या फोटोशी ताडून पाहावा. लाली, फोड, भेग, काही नवं दिसलं तर त्याच दिवशी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवावं. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून ते डॉक्टरांपुढे ठेवता येतं. घरातल्या फोनचा याहून चांगला वापर मला सुचत नाही.

त्याच फोनवर रोज काय काय येतं, तेही उघड बोलायला हवं. अमुक काढा एकवीस दिवस घ्या आणि इन्सुलिन बंद करा, असे व्हिडिओ गावागावांत फिरतात. कारलं आणि जांभूळ खायला हरकत नाही, त्यांच्या भरवशावर गोळी बंद करू नये. टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन असं बंद केलं तर काही दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन विकल्या जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की अशा कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावरून कुणी इन्सुलिनचा डोस ठरवू नये.

शेवटी हे सगळं ज्यांच्या खांद्यावर उभं आहे, त्यांच्याविषयी. आशाताईच्या फोनमध्ये गरोदर मातांचं, लसीकरणाचं, क्षयरोगाचं, असंसर्गजन्य आजारांचं असं एकामागून एक काम आलं आहे. अनेक ठिकाणी तीच माहिती आधी कागदावर आणि मग पडद्यावर भरावी लागते. नेटवर्कसाठी ती गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन उभी राहते. हे करताना रुग्णाशी बोलायचा वेळ जातो, आणि मग आपण यंत्राने काम सोपं केलं असं म्हणतो. माझी मागणी अशी आहे : दोन्हीकडे नोंद करायला लावणं थांबवावं. प्रत्येक आरोग्यवर्धिनी केंद्रात आठवड्यातले दोन तास फक्त परत न आलेल्यांना फोन करण्यासाठी ठेवावेत. ते दोन तास कामाचे धरावेत, त्याचं मानधन आणि रिचार्ज शासनाने द्यावं. आणि फोनवरून बोलावलेला माणूस आला तर त्याला गोळ्या मिळाल्याच पाहिजेत. मेटफॉर्मिन संपलं आहे, पुढच्या आठवड्यात या, असं एकदा ऐकून परत गेलेला मजूर दिवसाची मजुरी बुडवून दुसऱ्यांदा येत नाही. औषधाचा साठा नसेल तर त्या आठवड्यात बोलावण्याचे फोन करूच नयेत, साठा आल्यावर करावेत.

पुस्तक कोणत्या क्रमाने वाचावं याबद्दल एक सूचना. ज्यांना नुकतीच शुगर निघाली आहे त्यांनी आधी आहाराचं आणि साखर खाली जाण्याचं प्रकरण वाचावं, ॲपची प्रकरणं महिनाभराने वाचली तरी चालतील. घरातल्या तरुणांनी पायाच्या फोटोचं प्रकरण वाचून त्याच दिवशी सुरुवात करावी. आशाताई आणि सिस्टर यांच्यासाठी नंबर आणि वेळ नोंदवण्याचा नमुना तक्ता शेवटी दिला आहे. तो फाडून घेऊन झेरॉक्स काढायला हरकत नाही, त्यासाठीच तो पानाच्या एकाच बाजूला छापला आहे.